छपराच्या कडेची कुजलेली फेशिया फळी: कुठे भागतं, कुठे बदलावीच लागते

खालून बघितलं तर काही कळतच नाही, ही या फळीची सगळ्यात मोठी अडचण. रंग दिसतो, पन्हळ सरळ दिसते, आणि मग एखाद्या मुसळधार पावसात पन्हळीचं एक टोक खिळ्यासकट निसटून लोंबकळायला लागतं. शिडी लावून वर जावं तर लाकूड कधीच संपलेलं असतं, इतके दिवस नुसत्या रंगाच्या पापुद्र्याने आकार धरून ठेवलेला असतो. जुन्या घरांवर हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणाच्याही घरी गेलो तरी नजर आधी वळचणीकडे जाते.

आधी शब्द समजून घेऊ. छपराचे वासे भिंतीच्या बाहेर येऊन जिथे संपतात, त्या टोकांवर आडवी लांब फळी ठोकलेली असते ती फेशिया. पन्हळ हिच्यावरच टांगलेली असते. हिच्या खाली भिंतीपर्यंतचं जे झाकण असतं ते सॉफिट, आणि काही घरांना फेशियाच्या मागे अजून एक जाड फळी असते ती सब-फेशिया. वाशांची टोकं झाकायची, पन्हळीचं वजन पेलायचं आणि पाखरं, खारी, गांधीलमाश्या आत शिरू द्यायच्या नाहीत, अशी तीन कामं ही एक फळी करते. भरलेली पन्हळ किती जड असते याचा लोकांना अंदाज नसतो. साधी १२५ मिमीची अर्धगोल पन्हळ तुंबून काठोकाठ भरली तर दर मीटरला सुमारे ६ लिटर पाणी होतं, म्हणजे १० मीटरच्या बाजूवर ६० किलो, ओला पाला आणि गाळ वेगळाच. हे सगळं कुजक्या लाकडात रुतलेल्या खिळ्यांवर.

टोचून बघा

मला हे काम ज्या सुतारकाकांनी शिकवलं ते पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "रंग बघू नकोस रे, टोच." तेव्हापासून खिशात एक जुना स्क्रूड्रायव्हर असतोच. फळीवर तो टेकवायचा आणि हाताने दाबायचा, ठोकायचा नाही. चांगलं लाकूड अडवतं, टोक जेमतेम उमटतं. कुजलेल्यात तो अलगद आत जातो, ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा, आणि बाहेर काढताना टोकाला तपकिरी ओलसर भुगा चिकटून येतो, त्याला मातकट, ओल्या पालापाचोळ्यासारखा वास असतो. एकदा हा वास नाकात बसला की पुढच्या वेळी रंग खरवडायच्या आधीच कळतं. बोटाच्या पेराने टकटक करूनही फरक कळतो, घट्ट लाकूड खणखणीत वाजतं आणि कुजलेलं बद्द.

कुठे टोचायचं तर सगळीकडे सारखं नाही. जिथे दोन फळ्या जोडल्यात तो सांधा, घराचे कोपरे, पन्हळीची दोन्ही टोकं, छपराचे दोन उतार एकमेकांना मिळतात त्या घळीच्या खालची जागा, आणि पन्हळीच्या मागची वरची कड. ही शेवटची जागा दिसतच नाही आणि कुजणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं, म्हणून संशय असेल तर पन्हळीचे दोन-तीन हूक काढून ती जरा पुढे ओढून मागे बोट घालून बघाच. खालून दिसणाऱ्या खुणा म्हणजे रंगाला आलेले फोड, खिळ्याच्या डोक्यापासून ओघळलेला गंज, सॉफिटवरचे तपकिरी डाग. लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे छोटे चौकोनी तुकडे झाले असतील तर ती तपकिरी कुज, तिथे लाकडात जीव राहिलेला नसतो. भुग्याऐवजी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर मात्र वाळवी आहे, आणि मग आधी वाळवीवाल्याला बोलवा, सुताराला नंतर.

पाणी कुठून येतंय

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण दहातल्या ९ दुरुस्त्या इथेच फसतात असं म्हटलं तरी चालेल. लाकूड वयामुळे कुजत नाही, बुरशीमुळे कुजतं, आणि बुरशीला पाणी लागतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. शंभर वर्षांची फळी कोरडी राहिली तर टिकते आणि कालची फळी ओली राहिली तर काही वर्षांत जाते. म्हणजे फळी बदलली आणि पाण्याची वाट तशीच ठेवली तर तुम्ही नुसता बुरशीला ताजा माल आणून दिलात.

माझ्याच हातून हे झालंय. एका कोपऱ्यातली दोन मीटर फळी मी झकास बदलली, प्रायमर, दोन हात रंग, सगळं व्यवस्थित, आणि दोन पावसाळ्यांत तोच कोपरा परत मऊ. तेव्हा कुठे नीट बघितलं की छपराच्या कडेला पत्र्याची ड्रिप एज नव्हतीच, पाणी शिंगलच्या, म्हणजे छपरावर एकावर एक चढवून लावलेल्या पातळ पट्ट्यांच्या, खालून वळून थेट फळीच्या वरच्या कडेवर येत होतं. ड्रिप एज म्हणजे छपराच्या कडेला बसवतात ती वाकवलेली पत्र्याची पट्टी, तिचं खालचं ओठ जरा बाहेर वळलेलं असतं म्हणजे पाणी फळीला न चिकटता सुटून पन्हळीत पडतं. पाण्याला पृष्ठभागाला चिकटून मागे वळायची खोड असते आणि ती मोडायला धारदार कड लागते, एवढंच त्या पट्टीचं काम, पण जुन्या घरांत ती अनेकदा नसते किंवा असली तर गंजून खाल्लेली असते.

बाकीची कारणं अशी. पन्हळ तुंबली की पाणी मागच्या बाजूने सांडतं. पन्हळीला उतार नसला की पाणी साचून राहतं, दर ३ मीटरला ६ मिमीच्या आसपास उतार पुरतो. पन्हळ छपराच्या कडेपासून फार पुढे किंवा फार खाली असली की पाणी मधल्या फटीत जातं. बर्फ पडणाऱ्या भागात कडेला बर्फाचा बांध होऊन वितळलेलं पाणी उलटं शिंगलखाली शिरतं. आणि एक आतलं कारण, पोटमाळ्याला हवा खेळती नसली तर घरातली दमट हवा वर जाऊन गार छपराच्या आतल्या बाजूला दव धरते आणि फळी मागून ओली होते. फळीचा पुढचा रंग ठणठणीत आणि मागची बाजू काळी पडलेली दिसली तर हे कारण तपासा, सॉफिटच्या जाळ्या रंगाने किंवा इन्सुलेशनने बुजलेल्या असतात बरेचदा.

भागवायचं की बदलायचं

माझा हिशोब सरळ आहे. कुज तळहाताएवढी, फळीच्या अर्ध्या जाडीपेक्षा उथळ, आणि पन्हळीचा हूक किंवा सांधा तिथे येत नाही, तर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या राळेने, भागतं. मऊ लाकूड पटाशीने घट्ट लाकूड लागेपर्यंत कोरून काढा, पूर्ण वाळू द्या, घाईने ओल्यावर भरलं तर ओल आत कोंडते. मग आधी पातळ इपॉक्सी शोषवायची, ती लाकडाचे सैल धागे आवळते, त्यावर दोन भाग मिसळून केलेली इपॉक्सी लांबी (पुट्टी) भरायची आणि घट्ट झाल्यावर घासून रंगवायची. साधी भिंतीची लांबी इथे वापरू नका, ती लाकडासोबत हलत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटते.

याच्यापेक्षा मोठं असेल तर तुकडा कापून बदला, आणि एकाच बाजूला तीन-चार ठिकाणी कुज असेल तर सगळी बाजू बदला, तुकड्या-तुकड्यांत चार सांधे करणं म्हणजे पाण्याला चार दारं उघडून देणं. कुजक्या फळीवर वरून ॲल्युमिनियमचा पत्रा मढवून देणारे लोक भेटतील, लांबून एकदम नवंकोरं दिसतं. कृपा करून करू नका. पत्र्यामागे ओल अडकते, वाळायला जागाच राहत नाही, आणि कुज फळीतून वाशात उतरली तरी बाहेरून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

वर चढण्याआधी

हे काम अवघड नाही, उंचावरचं आहे, आणि माणसं दुखावतात ती उंचीमुळे. शिडीचा पाया उंचीच्या एक चतुर्थांश बाहेर, म्हणजे ४ मीटर उंचीला टेकवली तर पाय भिंतीपासून १ मीटर. शिडी पन्हळीला टेकवायची नाही, पन्हळ घसरते आणि चेपतेही, शिडीच्या वरच्या टोकाला भिंतीवर टेकणारा आधार, म्हणजे स्टँड-ऑफ, लावून घ्या. एका तुकड्यापेक्षा जास्त काम असेल तर परांची बांधा, कारण ४ मीटरची फळी एका हाताने शिडीवर धरून दुसऱ्या हाताने स्क्रू मारणं जमत नाही, निदान नीट तरी जमत नाही. घरात येणारी विजेची तार वळचणीच्या जवळून जात असेल तर तिथे स्वतः हात घालू नका, वीज कंपनीकडून बंद करून घ्या. गांधीलमाश्यांचं पोळं आणि पाखरांचं घरटं आधी बघून घ्या, वर गेल्यावर अचानक कळलेलं बरं नाही.

आणि जुना रंग. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या शेवटी लागू झाली, म्हणजे जुन्या घराच्या फळीवर शिसं असलेला रंग आहे असंच धरून चाला. कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, चांगला मास्क लावायचा आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. सॉफिट जर सिमेंटच्या पत्र्यासारख्या कडक करड्या शीटचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याला भोकं पाडू नका, कापू नका, आधी तपासून घ्या.

जुनी फळी काढताना

सलग दोन-तीन कोरडे दिवस बघून सुरुवात करा, कारण फळी निघाली की वाशांची टोकं उघडी पडतात. आधी पन्हळ. जुन्या पन्हळी लांब खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, एका बाजूने सुरू करून खिळे काढत जा आणि दुसऱ्या माणसाने दुसरं टोक धरलेलं असू द्या. हूक कुठे होते त्याचे फोटो काढून ठेवा, नंतर उपयोग होतो.

मग रंगाचा थर सॉफिट आणि ड्रिप एजच्या कडेने कटरने कापून घ्या, नाहीतर फळी ओढताना सॉफिटचा टवका निघतो. चपटी पहार आणि फळीचा एक तुकडा घ्या, तुकडा वाशावर टेकवून त्यावरून पहार उचकटायची म्हणजे जोर शिंगलवर येत नाही. ड्रिप एज फळीच्या पुढे खाली आलेली असते, तिला वाकवू नका, फळी आधी खालून पुढे ओढा आणि मग खाली सरकवून काढा. फक्त तुकडा बदलायचा असेल तर दिसणाऱ्या कुजीच्या पुढे निदान ३० सेंमी चांगलं लाकूड लागेपर्यंत जा आणि कापा नेमकं वाशाच्या मध्यावर, म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही फळी ठोकायला आधार मिळतो. वासा कुठे आहे ते खिळ्यांच्या रांगेवरून कळतं. कापताना करवत तिरकी ४५ अंशात धरा, दोन्ही फळ्यांची टोकं एकमेकांवर चढली की सांधा उघडला तरी आरपार फट पडत नाही.

फळी निघाल्यावर लगेच नवी ठोकायची घाई करू नका. हीच वेळ आहे खरी, परत स्क्रूड्रायव्हर काढा आणि प्रत्येक वाशाचं टोक टोचून बघा. वरवरचा सेंटिमीटरभर मऊपणा असेल तर खरवडून बोरेटचं औषध लावा, ते ओलाव्याबरोबर लाकडात आत शिरतं आणि बुरशी मारतं. टोक आतपर्यंत गेलं असेल तर कुजका भाग कापून काढायचा आणि वाशाच्या बाजूला तेवढ्याच मापाचा नवा तुकडा जोडायचा, याला जोडवासा म्हणा, तो चांगल्या लाकडाला निदान ६० सेंमी भिडला पाहिजे आणि नुसते खिळे नाही, बोल्ट किंवा स्ट्रक्चरल स्क्रू पाहिजेत. कुज भिंतीच्या आत गेली असेल, म्हणजे वासा जिथे भिंतीवर बसतो तिथपर्यंत, तर हात थांबवा आणि जाणकार माणसाला दाखवा, ते छपराचं वजन आहे.

सगळी टोकं एका रेषेत आहेत का तेही आत्ताच बघा. दोन कोपऱ्यांत लाईनदोरी ताणा, जे टोक मागे असेल तिथे पातळ पट्टी लावून पुढे आणा, जे पुढे असेल ते रंध्याने किंवा करवतीने उतरवा. वाकड्या टोकांवर सरळ फळी ठोकली की ती लाटेसारखी दिसते आणि पन्हळीचा उतारही कधी जमत नाही.

नवी फळी

जाडी आणि रुंदी जुन्या फळीवरूनच मोजा, दुकानात मागायच्या नावावरून नाही. आज १ बाय ६ म्हणून मिळणारी रंधलेली फळी प्रत्यक्षात १९ बाय १४० मिमी असते, जुन्या घरांवरची बरेचदा याहून जाड निघते, मग तुकडा बसवला की शेजारच्या फळीशी पायरी होते. अशा वेळी मागे पातळ पट्टी लावून पुढची बाजू समपातळीत आणायची.

लाकूड घेताना गाठी कमी आणि सरळ असलेली फळी घ्या, एका टोकाला डोळा लावून लांबीभर बघा, पीळ असलेली घेऊ नका, तो ठोकून सरळ होत नाही. देवदार जातीची लाकडं कुजीला चांगली तोंड देतात. औषध मारलेली फळी घेतली तर ती वाळलेली आहे ना ते बघा, ओली लावली की आकसते आणि वाकते, आणि त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे साधे खिळे आणि ॲल्युमिनियम खराब होतं, म्हणून खिळे-स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून थर दिलेले) किंवा स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या पन्हळीमागे रंगाचा पूर्ण थर हवाच. पीव्हीसीची फळी कुजत नाही हे खरं, पण ती उन्हात लांब होते, ५ मीटरची फळी ३० अंशांच्या फरकाने जवळपास ८-९ मिमी वाढू शकते, म्हणून सांध्यात कंपनीने सांगितलेली फट ठेवा. आणि पन्हळीचा हूक नुसत्या पीव्हीसीत कधीही मारू नका, स्क्रू मागच्या लाकडात गेला पाहिजे.

आता जे सगळे टाळतात ते. फळी वर चढवायच्या आधी जमिनीवरच सहाही बाजूंना प्रायमर मारा, मागची बाजू, वरची-खालची कड आणि दोन्ही टोकं. कापलेल्या टोकातून लाकूड नळीसारखं पाणी ओढतं, म्हणून टोकांना दोनदा, पहिला हात शोषला की लगेच दुसरा. वर गेल्यावर एखादं टोक परत कापावं लागलं तर प्रायमरचा छोटा डबा आणि ब्रश परांचीवर असू द्या, "नंतर मारू" म्हटलेलं टोक कधीच मारलं जात नाही. छपराचा उतार असेल त्याप्रमाणे वरची कड तिरकी रंधून घ्या, म्हणजे ती छपराच्या फळ्यांखाली नीट बसते, टोचत नाही.

बसवताना दोघं पाहिजेत. एकट्याने करायचंच असेल तर वाशाला खाली एक तात्पुरता ठोकळा लावून फळीचं एक टोक त्यावर टेकवा. वरची कड ड्रिप एजच्या मागे सरकवा, लाईनदोरीशी जुळवा, प्रत्येक वाशात दोन स्क्रू किंवा खिळे, एक वर एक खाली, कडेपासून निदान २ सेंमी आत. १९ मिमीच्या फळीला ६५ मिमीचे पुरतात. टोकाजवळ आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर फळी चिरते. ड्रिप एज नसेल तर ती आत्ताच बसवा, आणि फळी व पट्टीच्या ओठात बोट जाईल एवढी फट ठेवा म्हणजे पाणी ओघळून फळीवर न येता सुटं पडेल.

सांधा आणि खिळ्यांची भोकं बाहेरच्या कामाच्या सीलंटने बुजवा, वर ड्रिप एजच्या फटीत आणि खाली सॉफिटकडच्या कडेला मात्र सीलंट भरू नका. खूप जण टापटीप दिसावं म्हणून खालची फट बंद करतात आणि मग आत गेलेलं थोडंसं पाणी बाहेर पडायची एकुलती एक वाट बुजते. मग बाहेरच्या रंगाचे दोन हात, पन्हळ लावायच्या आधी, कारण तिच्या मागे नंतर ब्रश जात नाही.

पन्हळ परत लावताना जुन्या खिळ्यांऐवजी स्क्रूवाले छुपे हूक वापरा, दर ६० सेंमीला एक, शक्य तिथे स्क्रू वाशाच्या टोकात. उताराची रेघ आधी लाईनदोरीने मारून घ्या. पन्हळीची मागची कड ड्रिप एजच्या ओठाच्या आत यायला हवी, तीच उलटी बसली तर सगळी मेहनत पाण्यात.

शेवटी पाईप घेऊन छपरावर पाणी सोडा, वरून हळूहळू, पाचेक मिनिटं एका जागी, आणि दुसऱ्याला खाली उभं करा. पाणी पन्हळीतून खालच्या पाईपकडे वाहतंय का, मधे साचतंय का ते बघा, मग पाणी बंद करून फळीच्या खालच्या कडेवरून आणि सॉफिटच्या सांध्यावरून कोरडा हात फिरवा. हात ओला लागला तर जिथे लागला त्याच्या वर मीटरभर अंतरात कुठेतरी पाणी शिरतंय, तिथले दोन हूक काढा आणि पन्हळ पुढे ओढून परत मागे बघा.